विरजण बिघडतं तेव्हा

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)

नमस्कार.

बाहेरच्या पाटीवर विषय काय लिहायचा, हे विचारायला आयोजकांचा फोन आला होता. ‘ताई, नुसतं स्त्रियांचं आरोग्य असं लिहिलं तर चालेल का?’ मी म्हटलं, ‘योनिमार्गातले जिवाणू’ असंच लिहा. त्यांनी तसंच लिहिलं, आणि तरी सभागृह भरलं आहे. पुरुषही आले आहेत. मला फार बरं वाटलं.

मी सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर. माझा दिवस काचपट्ट्यांसोबत जातो. पण नमुना घेताना बाई समोर असते, चार शब्द होतातच. इतकी वर्षं मी ऐकते आहे, या दुखण्याला नाव घेऊन कुणी बोलत नाही. ‘अंगावरून जातंय.’ ‘पांढरं जातंय.’ वयस्क बायका ‘धुपणी’ म्हणतात. शिकलेल्या मुली ‘व्हाइट डिस्चार्ज’ म्हणतात, पण आवाज तेवढाच खाली जातो. आणि पाठोपाठ प्रश्न येतो, ‘त्यानेच अशक्तपणा आलाय ना? हाडं झिजतायत का माझी?’

म्हणून आधी हेच सांगते. पांढरं जाणं हा मुळात आजार नाही. योनिमार्गाच्या आतल्या अस्तराच्या पेशी सतत सुटत असतात, गर्भाशयाच्या तोंडाशी चिकट द्रव तयार होत असतो, या सगळ्याचा मिळून तो स्राव. पाळीच्या मध्यावर तो पातळ, अंड्यातल्या पांढऱ्यासारखा तार धरणारा असतो. पाळी जवळ आली की घट्ट होतो. त्याला फारसा वास नसतो, खाज नसते, जळजळ नसते. त्यातून हाडं झिजत नाहीत. कंबर दुखते ती बहुतेकदा पाण्याच्या हंड्यांनी, वाकून केलेल्या कामाने. थकवा येतो तो रक्त कमी असल्याने. त्या दुखण्यांवर वेगळा इलाज करायचा, त्यासाठी स्रावाला दोष द्यायचा नाही.

आता त्या स्रावात कोण राहतं ते बघू.

तुम्ही रात्री दुधाला विरजण लावता. कोमट दूध, चमचाभर ताक, झाकण. सकाळी दही. रात्रभरात काय झालं? जिवाणूंनी दुधातली साखर खाल्ली, लॅक्टिक आम्ल तयार केलं, दूध आंबट झालं आणि त्या आंबटपणात दुसऱ्या जंतूंना वाढायला वाव उरला नाही. नुसतं दूध बाहेर ठेवलं तर नासतं, दही मात्र टिकतं. योनिमार्गात नेमकं हेच चाललेलं असतं. तिथे साखर आहे ग्लायकोजेनची. पाळी सुरू होण्याच्या वयापासून अंडाशयातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक येतं, त्याच्या जोरावर योनिमार्गाचं अस्तर जाड होतं आणि त्याच्या पेशींत ग्लायकोजेन साठतं. पेशी सुटतात, ग्लायकोजेन फुटतं, आणि लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू ते खाऊन लॅक्टिक आम्ल बनवतात. शाळेत सामू शिकलो होतो, म्हणजे पीएच; तो जितका कमी तितकं आंबट. शुद्ध पाण्याचा सामू ७. निरोगी, पाळी येणाऱ्या स्त्रीच्या योनिमार्गाचा ३.८ ते ४.५. चांगलं आंबट.

हा जिवाणू पहिल्यांदा नीट वर्णन करून मांडला तो जर्मनीत, लाइपझिगमध्ये, १८९२ साली अल्बर्ट डोडरलाइन या स्त्रीरोगतज्ज्ञाने. त्या काळी बाळंतपणात बायका तापाने दगावत असत. त्याला बाळंतज्वराचा माग काढायचा होता. निरोगी बायकांच्या स्रावात त्याला लांब, काडीसारखे जिवाणू दिसले आणि त्याने मांडलं की हेच आम्ल तयार करतात आणि घातक जंतूंना रोखतात. त्या जिवाणूंना पुढे कित्येक वर्षं ‘डोडरलाइनच्या काड्या’ म्हणत. जंतू म्हणजे शत्रू, हा विचार नुकताच सगळीकडे पसरत होता. त्याच सुमारास एक माणूस सांगत होता की इथले जंतू रखवालदार आहेत. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

या रखवालदारांची वस्ती बाईच्या वयासोबत बदलते. नुकत्या जन्मलेल्या मुलीच्या अंगात आईचं इस्ट्रोजेन काही दिवस असतं, म्हणून त्या थोड्या दिवसांत तिच्याकडेही लॅक्टोबॅसिलस सापडतात. मग ते कमी होतात ते थेट वयात येईपर्यंत. म्हणून लहान मुलीला तिथे खाज आली, लालसर झालं, तर त्याची कारणं वेगळी असतात आणि मोठ्या बाईचं औषध तिला लावायचं नसतं. पाळी गेल्यावर पुन्हा इस्ट्रोजेन उतरतं, अस्तर पातळ होतं, ग्लायकोजेन संपतं आणि आंबटपणा जातो. मग आतड्यातले ई. कोलाय नावाचे जिवाणू तिथे मुक्काम करतात आणि तिथून लघवीच्या मार्गात चढतात. साठीच्या बायकांना पुन्हापुन्हा लघवीची जळजळ का होते, त्याचं एक मोठं कारण हे. इथे मी मुद्दाम थांबते, कारण समोर माझ्या वयाच्या बऱ्याच जणी बसल्या आहेत. १९९३ मध्ये इस्रायलमधल्या आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाळी गेलेल्या, वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या बायकांना योनिमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम दिलं. लॅक्टोबॅसिलस परत आले, सामू उतरला, लघवीचे संसर्ग खूप कमी झाले. कोणताही जंतू मारला नव्हता, फक्त विरजणाला लागणारं दूध परत दिलं होतं. अशा बाईला प्रतिजैविकांचे कोर्सवर कोर्स चालू असतात आणि हे मलम कुणी सुचवलेलं नसतं. तुमच्या डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर ते आधी सांगा.

आता बिघाडाकडे येते.

पाळी येण्याच्या वयातल्या बायकांत जे सगळ्यात जास्त आढळतं, त्याला ‘बॅक्टेरियल व्हजायनोसिस’ म्हणतात. डॉक्टर बी.व्ही. म्हणतात, मीही तेच म्हणते. जगभरात प्रजननक्षम वयातल्या साधारण चारपैकी एका बाईला कुठल्याही वेळी हे असतं. आणि निम्म्या जणींना काही त्रासच जाणवत नाही. ज्यांना जाणवतो त्यांचं वर्णन जवळपास एकसारखं असतं. पातळ, राखाडी-पांढरा, सगळीकडे सारखा पसरलेला स्राव, आणि वास. ओल्या मासळीचा वास. पाळीनंतर वाढतो, शरीरसंबंधानंतर वाढतो. खाज फारशी नाही, सूज नाही.

यातलं शास्त्र १९५५ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये पुढे सरकलं. हर्मन गार्डनर आणि चार्ल्स ड्यूक्स या दोघांनी अशा स्त्रियांच्या स्रावात एक बारीक जिवाणू दाखवला. गार्डनरच्या नावावरून त्याला पुढे १९८० मध्ये ‘गार्डनेरेला’ हे नाव मिळालं. त्यांनी ठामपणे म्हटलं की हाच या आजाराचा जंतू. ते सिद्ध करायला त्यांनी जे केलं ते आज कुणालाही करू दिलं जाणार नाही, आणि ते योग्यच आहे. त्यांनी निरोगी बायकांच्या योनिमार्गात प्रयोगशाळेत वाढवलेला तो जिवाणू टाकला. तेरा बायकांपैकी एकीलाच आजार झाला. मग दुसऱ्या पंधरा जणींमध्ये त्यांनी आजारी बाईचा स्रावच, जसाच्या तसा टाकला. पंधरापैकी अकरा जणींना झाला.

हे दोन आकडे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी फळ्यावर लिहून देते. तेरात एक, पंधरात अकरा. शुद्ध जंतूने आजार होत नाही. ती सगळी वस्तीच उचलून नेली तर होतो. उत्तर त्यांच्या स्वतःच्या तक्त्यात होतं, पण एक आजार म्हणजे एक जंतू, या शिकवणीमुळे ते त्यांना दिसलं नाही. आज आपल्याला माहीत आहे की गार्डनेरेला एकटा नसतो. प्रीव्होटेला, मोबिलुंकस, पूर्वी ‘अटोपोबियम’ म्हणत तो जिवाणू, असे हवेशिवाय वाढणारे कितीतरी जण सोबत असतात. हे जिवाणू बाहेरून हल्ला करायला आलेले नसतात. त्यातले काही निरोगी बाईतही चिमूटभर असतात. लॅक्टोबॅसिलस घटले, आंबटपणा गेला, सामू साडेचारच्या वर चढला, की यांची संख्या हजारपटीपर्यंत वाढते. दही लावायचं राहून गेलेलं दूध जसं नासतं, तसं.

इथे दाह होत नाही, पांढऱ्या पेशी फारशा धावून येत नाहीत. म्हणून तर नावात दाह सांगणारा शब्द नाही, नुसतं ‘व्हजायनोसिस’.

वासाबद्दल थोडं जास्त बोलते, कारण बायकांना खाऊन टाकतं ते हे. हे जिवाणू अमाइन नावाची रसायनं तयार करतात. त्यातलं एक आहे ट्रायमिथिलअमाइन, आणि शिळ्या होत चाललेल्या मासळीतही नेमकं तेच असतं. म्हणजे ‘मासळीसारखा’ ही उपमा नाहीच, रसायन एकच आहे. आम्लात ही रसायनं बांधलेली राहतात. अल्कली मिळाली की मोकळी होऊन उडतात. वीर्य अल्कलीधर्मी असतं, रक्तही किंचित तसंच, म्हणून संबंधानंतर आणि पाळीत वास वाढतो. प्रयोगशाळेत आम्ही स्रावावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड या अल्कलीचा थेंब टाकतो आणि वास येतो का बघतो, त्याचं कारणही हेच. एक बाई मला म्हणाली होती, ‘डॉक्टर, मी दिवसातून पाच वेळा धुते, तरी नवऱ्याच्या शेजारी झोपायची लाज वाटते.’ पाच वेळा, आतपर्यंत, साबणाने. साबणाचा सामू ९-१०. बिचारी दर वेळी उरलंसुरलं विरजणही धुवून टाकत होती. आपण घाणेरड्या आहोत असं तिला वाटत होतं, आणि त्या वाटण्यामुळे ती जे करत होती तेच तिला बरं होऊ देत नव्हतं. त्या दिवशी मी तिला रसायनशास्त्र समजावून सांगितलं. ती रडली. तिला आपला दोष नाही हे ऐकायचं होतं.

निदान करायला महागडं काही लागत नाही. १९८३ मध्ये रिचर्ड ॲम्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार खुणा सांगितल्या: तो ठरावीक स्राव, सामू साडेचारच्या वर, त्या थेंबाने येणारा वास आणि सूक्ष्मदर्शकाखाली ‘क्लू सेल’. चारपैकी तीन असतील तर बी.व्ही. या क्लू सेलचं मी काय सांगू! अस्तराची पेशी मोठी, चपटी, कडा स्वच्छ रेखीव असते. बी.व्ही.मध्ये तिच्यावर जिवाणू इतके चिकटतात की कडाच दिसेनाशी होते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, आपण बाजरीच्या भाकरीला तीळ लावतो ना, अगदी काठापर्यंत थापून? हुबेहूब ती भाकरी. एकदा पाहिली की विसरता येत नाही.

योनिमार्गाची प्रत्येक तक्रार बी.व्ही. नसते. दह्याच्या कवडीसारखा घट्ट पांढरा स्राव आणि जीव नकोसा करणारी खाज असेल तर बहुधा कॅन्डिडा, म्हणजे बुरशी. तिला सामू बदलण्याची गरजच पडत नाही. फेसाळ, पिवळसर-हिरवा स्राव असेल तर ट्रायकोमोनास हा एकपेशीय परजीवी असू शकतो, तो संबंधातून येतो आणि नवऱ्यालाही औषध द्यावंच लागतं. ई. कोलाय किंवा स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूंमुळे लालसर, जळजळणारा दाह होतो, त्याला बी.व्ही.चं औषध लागू पडत नाही. क्वचित उलटंही होतं, लॅक्टोबॅसिलसच अति वाढतात आणि जळजळ होते. तिला सगळे बुरशी समजतात. माझं म्हणणं एवढंच की नुसतं ऐकून औषध देऊ नये आणि दुकानातून तर मुळीच आणू नये. लक्षणांवरून अंदाज बांधला की अनुभवी डॉक्टरही चुकतात.

आता आपल्या घरची गोष्ट.

१९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक शोधनिबंध आला. गडचिरोलीतल्या दोन खेड्यांतल्या ६५० बायका. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांची तपासणी केली होती. ज्या दवाखान्यात आल्या त्यांची नव्हे, गावातल्या बायकांची, तक्रार असो वा नसो. ९२ टक्के बायकांना एक किंवा अनेक स्त्रीरोग होते. निम्मा भार जननमार्गाच्या संसर्गांचा. आणि या बायकांपैकी फक्त ८ टक्के जणींची आधी कधी तरी स्त्रीरोगांसाठी तपासणी झाली होती. तोवर ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच सरकारला आणि जगाला दिसत होतं. त्या निबंधाने ते बदलायला भाग पाडलं. मी विद्यार्थिनी असताना तो वाचला आणि मी काय करायचं ते मला कळलं.

पुढे सरकारी केंद्रांत रंगीत पाकिटं आली. अंगावरून जाण्याच्या तक्रारीला हिरवं पाकीट. त्यात सेक्निडॅझोलच्या गोळ्या २ ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम. एक औषध बी.व्ही. आणि ट्रायकोमोनाससाठी, दुसरं बुरशीसाठी. जिथे सूक्ष्मदर्शक नाही, वीज जाते, बाई पंधरा किलोमीटर चालून आली आहे आणि परत येणार नाही, तिथे या पाकिटाने फार कामं केली. मी त्याला नावं ठेवणार नाही. पण तालुक्याच्या ठिकाणी, जिथे सूक्ष्मदर्शक टेबलावर झाकून ठेवलेला असतो, तिथेही पाकीटच हातात दिलं जातं. सामू बघायची कागदाची पट्टी काही रुपयांची. मला ते खरोखर सहन होत नाही.

आणि याहून वाईट गोष्ट आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याबद्दल २०१९ मध्ये राज्य सरकारने समिती नेमली होती. ८२ हजार ३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजार ८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. कित्येक जणी तिशी-चाळिशीतल्या. त्यांच्या सुरुवातीच्या तक्रारींत पाळीचा त्रास, ओटीपोटात दुखणं आणि अंगावरून पांढरं जाणं. ‘पिशवी खराब झालीय, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.’ मी सूक्ष्मजीवशास्त्राची म्हणून सांगते: बी.व्ही.चे जिवाणू योनिमार्गाच्या अस्तरावर राहतात. गर्भाशय काढल्याने ते अस्तर जागचं हलत नाही. बाई शस्त्रक्रिया करून, कर्ज काढून, पुन्हा उसाच्या फडात आली की तो स्राव तिथेच असतो. आणि तरुणपणी अंडाशयही काढली असतील तर इस्ट्रोजेन संपलं, ग्लायकोजेन संपलं, विरजण कायमचं गेलं. आठवड्याभराच्या गोळ्यांनी बरा होणारा त्रास, आणि त्यापायी एक अवयव. फडावर पाणी नाही, शौचालय नाही, एक दिवस खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, हेही खरं आहे. ती बाई तपासणीसाठी तीन खेपा घालू शकत नाही. तिला एका खेपेत तपासणारं कुणी तरी फडाच्या जवळ हवं.

बी.व्ही. जीव घेत नाही, मग इतकं काय, असं कुणी विचारतं. बी.व्ही. असलेल्या बाईला एचआयव्हीची लागण होण्याचा धोका साधारण दीडपट असतो, कारण आम्लाचा पहारा उठलेला असतो. गर्भपातानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर हे जिवाणू वर गर्भाशयात चढू शकतात. गरोदरपणी बी.व्ही. असेल तर वेळेआधी बाळंतपण होण्याचं प्रमाण जास्त दिसतं. पण इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. सरसकट सगळ्या गरोदर बायकांची तपासणी करून, त्रास नसतानाही औषध दिलं तर अकाली बाळंतपणं कमी होतात का, हे फ्रान्समध्ये मोठ्या चाचणीत तपासलं. कमी झाली नाहीत. म्हणून त्रास असेल तिला उपचार, हे बरोबर. घाबरून सगळ्यांना गोळ्या नकोत.

उपचार साधा आहे. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या सात दिवस, किंवा क्लिंडामायसिनचं मलम. तीन-चार दिवसांत वास जातो. बाई खूश. आणि मग? वर्षभरात निम्म्याहून जास्त जणींना पुन्हा होतं. पुन्हा गोळ्या, पुन्हा तेच. तेव्हा घरात कुणी तरी म्हणतं, हिचं काही तरी आहेच.

हे परत का येतं? एक कारण बर्लिनच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं. हे जिवाणू सुटे पोहत नसतात, अस्तराला धरून थर करतात. माठ आठवडाभर घासला नाही तर आतून जो बुळबुळीत थर चढतो तसा. औषध वरच्यांना मारतं, थराच्या मुळाशी असलेले दडून बसतात आणि औषध संपलं की उठतात. दुसरं म्हणजे, मेट्रोनिडॅझोल शत्रूला मारतं पण रखवालदाराला परत आणत नाही. जागा रिकामी राहते. आणि रिकामी जागा पुन्हा त्याच जुन्या वस्तीच्या हाती जाते.

रखवालदार आणून बसवता येतील का? लॅक्टोबॅसिलसमध्ये सगळ्यात भरवशाचा आहे ‘क्रिस्पॅटस’. दुसरा, ‘इनर्स’, थोडा डळमळीत. तो निरोगी बाईतही असतो आणि बिघाडातही टिकून राहतो. अमेरिकेत २२८ बायकांना आधी नेहमीचं औषध दिलं, मग काही जणींना क्रिस्पॅटसची भुकटी आणि काहींना नुसती साधी भुकटी योनिमार्गात ठेवायला दिली. २०२० मध्ये निकाल आला. बारा आठवड्यांत पुन्हा आजार झाला तो जिवाणू मिळालेल्यांत ३० टक्क्यांना, न मिळालेल्यांत ४५ टक्क्यांना. रोग संपला नाही, पण दिशा बरोबर आहे. यावरून एक सूचना. घरातलं दही तिथे लावू नका. मला हे दर महिन्याला कुणी तरी विचारतं, आणि मीच मघापासून दह्याचं उदाहरण देते आहे म्हणून स्पष्ट सांगते. दह्यातले जिवाणू वेगळ्या जातीचे, दुधाला सरावलेले. ते योनिमार्गात घर करत नाहीत. दही पोटात जाऊ द्या.

आणि तिसरं कारण, ज्यासाठी इथे पुरुषही आलेले पाहून मला सुरुवातीला बरं वाटलं. गार्डनरच्या काळापासून शंका होती की नवऱ्याचा यात हात आहे. विसाव्या शतकात पुरुषांना नुसत्या गोळ्या देऊन पाहिलं, फरक पडला नाही, आणि पुस्तकांत लिहिलं गेलं की जोडीदाराला औषध नको. मीही तेच शिकले, तेच शिकवलं. पण हे जिवाणू पुरुषाच्या मूत्रमार्गात असतात तसे शिश्नाच्या त्वचेवर, मुखत्वचेखालीही असतात, आणि गोळी तिथे पुरेशी पोहोचत नाही. मेलबर्नच्या डॉक्टरांनी १६४ जोडप्यांना घेऊन पाहिलं. बाईला नेहमीचा उपचार सगळ्याच जोडप्यांत. अर्ध्या जोडप्यांत पुरुषालाही सात दिवस मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या आणि त्वचेवर लावायला क्लिंडामायसिनचं २ टक्क्यांचं मलम, दिवसातून दोनदा. चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण फरक इतका ढळढळीत होता. २०२५ च्या मार्चमध्ये आकडे प्रसिद्ध झाले: फक्त बाईला उपचार दिले तिथे बारा आठवड्यांत ६३ टक्क्यांना पुन्हा झालं, दोघांना दिले तिथे ३५ टक्क्यांना.

कितीतरी बायकांना मी माझ्या हातांनी अहवाल दिले आहेत, ‘पुन्हा बी.व्ही.’, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. त्या एकट्याच येत, एकट्याच औषध घेत. नवरा बाहेर मोटारसायकलवर थांबलेला असे. त्याला आत बोलवायला हवं होतं.

मात्र यातून उलटा अर्थ काढू नका. बी.व्ही. झालं म्हणजे नवरा बाहेरख्याली, किंवा बायको, असं नाही. एकमेकांशीच बांधलेल्या जोडप्यातही हे जिवाणू दोघांत ये-जा करत राहतात. जिचा कधीच संबंध आलेला नाही अशा मुलीतही क्वचित सापडतं. हा शब्द घरात संशयाचं कारण झाला तर माझं आजचं बोलणं फुकट गेलं. दोघांचं पाणी एकाच माठातलं आहे, तर माठ दोघांनी घासायचा, इतकंच.

धुण्याबद्दल विचारलं जाईलच, तर सांगून टाकते. बाहेरून साध्या पाण्याने, दिवसातून एकदा-दोनदा. आत काही नाही. पिचकारी नाही, साबण नाही, जंतुनाशक नाही, सुगंधी द्रव नाही, जाहिरातीत त्यावर पीएचचा कितीही मोठा आकडा छापलेला असू दे. पाळीचं कापड असेल तर उन्हात, उघड्यावर वाळवा; साडीच्या आड, ओल्या कोपऱ्यात नको. मुलीला पहिली पाळी येते तेव्हा तिला हेही सांगा की पांढरा स्राव येईल आणि तो चांगला आहे.

माझी वेळ झाली. मागच्या टेबलावर आमच्या दोन विद्यार्थिनी सूक्ष्मदर्शक लावून बसल्या आहेत. दोन काचपट्ट्या आहेत, दोन्हींवर नाव नाही. डावीकडची आधी बघा: गुलाबी पेशी, रेखीव कडा, आणि मधूनमधून जांभळ्या लांब काड्या. त्या डोडरलाइनच्या. मग उजवीकडची. तिथे एकही लांब काडी सापडणार नाही. पेशींवर बारीक ठिपक्यांची गर्दी दिसेल. तिळाची भाकरी सापडली नाही तर पट्टी किंचित वर सरकवा. चष्मा काढून बघायचं, भिंगाला डोळा टेकवायचा नाही. पुरुष मंडळी, तुम्ही आधी रांगेत या.